पहिल्या यशानंतरचा मोह

खरिपात बांधावर उभे राहून कपाशीचा फोटो काढणारी मुले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. अब्बांना मोबाईल जमत नाही, म्हणून घरातल्या शिकलेल्या मुलामुलींवर हे काम येते. 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीचे मूळ काम साधे होते: गट निवडा, पीक भरा, फोटो काढा, सातबाऱ्यावर नोंद घ्या. ही नोंद राहून गेली, तर हमीभावाने विक्री करताना किंवा नुकसानीची मदत मागताना शेतकरी अडतो.

2022 मध्ये ॲपची दुसरी आवृत्ती आली. चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची आणि मिश्र पिके अधिक नीट भरण्याची सोय त्यात झाली. कपाशीत तूर घेणाऱ्या आपल्या भागाला ती हवीच होती. ही भर शेतातल्या अडचणीतून आली होती.

पण प्रत्येक भर अशी नसते. आयबीएमच्या एका मोठ्या संगणक प्रणालीचे काम सांभाळणारे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात एक इशारा दिला. पहिली रचना करताना माणूस जपून असतो. सुचलेल्या कल्पना 'पुढच्या वेळी' म्हणून बाजूला ठेवतो. पहिली यशस्वी झाली, की दुसरीत त्या सगळ्या कोंबतो. म्हणून त्यांच्या मते दुसरी रचनाच सर्वांत धोक्याची.

नेटस्केपचेही उदाहरण आहे. 1994 मध्ये आलेल्या या ब्राऊझरने जग जिंकले होते. पुढे 1998 मध्ये कंपनीने जुना पाया सोडून बहुतेक सर्व नव्याने लिहायला घेतले. पाचवी आवृत्ती आलीच नाही. सहावी 2000 च्या अखेरीस आली, तीही जड आणि संथ. तोवर ग्राहक दुसरीकडे गेले होते.

आपल्या घरांतली मुले आज ॲप बनवायला शिकत आहेत. कुणी दुकानाच्या उधारीचे बनवील, कुणी शाळेच्या हजेरीचे. पहिले चालले, की लोक म्हणतील, "यात हेही टाक ना!" तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारावा: याने कोणाची कोणती अडचण दूर होते? उत्तरात माणूस दिसला, तर भर घालावी. नुसती हौस दिसली, तर थांबावे.

आणि तपासणी घरीच करावी. जुना मोबाईल अब्बांच्या हाती द्यावा, भर उन्हात, रेंज कमी असेल तिथे. त्यांना कोणाला न विचारता काम करता आले, तरच ॲप पुढे गेले असे समजावे.