मोटारीचे एंजिन : खोलणे आणि पुन्हा जुळविणे

मोटारीचे एंजिन म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या धातूच्या भागांचा समूह, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुतः चांगल्या स्थितीतील एंजिनात फिरत्या दांड्याचा धातू बेअरिंगच्या धातूस क्वचितच स्पर्श करतो. दोहोंच्या दरम्यान एक अत्यंत अरुंद फट मुद्दाम ठेवलेली असते. तीत तेलाचा थर असतो आणि दांडा त्या थरावर तरंगत फिरतो. ही फट प्रमाणाबाहेर वाढली की एंजिन खडखडू लागते. ती नाहीशी झाली तर ते थोड्याच वेळात जखडते. एंजिन खोलून पुन्हा जुळविण्याचे काम म्हणजे मुख्यत्वेकरून अशा फटी योग्य मापावर आणण्याचे काम होय. त्याचा बराचसा भाग घरच्या पडवीत, मोजक्या साधनांनी आणि पुष्कळशा धीराने करता येतो. तो कसा करावा आणि प्रत्येक कृतीमागे कोणते कारण असते, ते येथे क्रमाने पाहू.

उदाहरणादाखल एक एंजिन

इटलीतील फियाट कंपनीने १९५३ साली '११००' या नावाची नवी मोटार बाजारात आणली. लवकरच ती मुंबईच्या कुर्ला भागातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागली. तिचे पुढील रूप 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने देशभर परिचित झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशके हीच गाडी धावत असे. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर सेवेतून निवृत्त झाली. गाडीचे उत्पादन कधीच थांबले असले, तरी हौशी लोकांनी जपून ठेवलेल्या पद्मिनी आजही आढळतात. कार्ब्युरेटरवर चालणारे तिचे साधे एंजिन नवशिक्यास सोयीचे आहे, कारण त्यातील बहुतेक सर्व क्रिया डोळ्यांनी पाहता व हाताने तपासता येतात.

या एंजिनात चार सिलिंडर एका ओळीत असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर असून त्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, ७५ मिलिमीटर खालीवर सरकतो. विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे : त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, म्हणून छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर, त्यास ७.५ ने आणि नंतर ४ ने गुणिले असता जवळजवळ १,०८९ घन सेंटिमीटर येतात. वाहनाच्या माहितीपत्रकात एंजिनाचे आकारमान म्हणून दिलेला आकडा तो हाच.

एंजिन मिनिटास ४,००० फेरे करीत असता प्रत्येक दट्ट्या एका मिनिटात ८,००० वेळा थांबतो व उलट दिशेने निघतो, आणि त्याची सरासरी गती सेकंदास १० मीटर भरते. या गतीतही दांडे आणि बेअरिंगे वर्षानुवर्षे टिकतात, याचे श्रेय तेलाच्या थराकडे जाते.

हा थर भार कसा पेलतो, याचा उलगडा एका रेल्वेविषयक प्रयोगातून झाला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हा अभियंता आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगांची तपासणी करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. तेव्हा आस फिरू लागताच तेल त्या भोकातून उलट वर येऊ लागले. भोकात बूच ठोकले, तर तेही बाहेर ढकलले गेले. दाबमापक जोडून पाहिल्यावर तेलाचा दाब बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक भरला. फिरणारा आस स्वतःच तेलास निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे उत्पन्न झालेल्या दाबावर उचलला जातो, असे यावरून दिसून आले. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने या घटनेचे गणित मांडले. मोटारीच्या क्रँकशाफ्टची बेअरिंगे आजही याच तत्त्वावर चालतात.

खोलण्यापूर्वीची परीक्षा

पाना हाती घेण्यापूर्वी एंजिनास काय झाले आहे ते ठरवावे. प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबमापक लावावा व स्टार्टरने एंजिन फिरवून दाब लिहून घ्यावा. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांहून बराच कमी आला, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर दट्ट्यावरील कडी म्हणजे रिंगा किंवा सिलिंडरची भिंत झिजली आहे, कारण तेलाने ती फट काही काळ बुजविली. दाब वाढला नाही, तर दोष झडपांत किंवा हेडखालील गॅस्केटमध्ये असण्याचा संभव अधिक. एवढ्या एका चमचाभर तेलाने संपूर्ण एंजिन उतरविण्याचे श्रम कधी कधी वाचतात.

त्यानंतर बॅटरीची तार सोडावी, पेट्रोल, पाणी आणि तेल काढून घ्यावे. एंजिन गाडीबाहेर काढण्यासाठी भक्कम चेन-पुलीच वापरावी आणि टांगलेल्या ओझ्याखाली हात अथवा पाय कधीही नेऊ नये. भाग धुण्यास रॉकेल घ्यावे, तेही उघड्या हवेत आणि ज्वालेपासून दूर. पेट्रोलने धुणे जिवावर बेतू शकते. जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून ती कोरडी खरवडू नयेत. ओली करून, तोंडावर योग्य मुखवटा लावून काढावीत.

खोलण्याची शिस्त

खोलणे हे काम सोपे वाटते, परंतु पुढील जुळणीचे यशापयश येथेच ठरते. एकत्र चाललेले दोन भाग एकमेकांच्या झिजेशी जुळलेले असतात. म्हणून प्रत्येक झडप, तिची ढकलदांडी, प्रत्येक दट्ट्या व त्याचा कनेक्टिंग रॉड यांवर क्रमांक घालून ते वेगळे ठेवावेत. पुठ्ठ्यास भोके पाडून त्यांत ढकलदांड्या क्रमाने खोचून ठेवण्याची युक्ती जुनी असली तरी उत्तम आहे. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवरील टोप्यांविषयी विशेष सावध राहावे. कारखान्यात ही टोपी जागेवर घट्ट आवळून मगच तिचे गोल छिद्र कोरलेले असते. ती दुसऱ्या जागी किंवा उलटी बसविल्यास छिद्राची गोलाई बिघडते व फट कोठे अधिक, कोठे उणी होते.

हेडचे नट एकदम सैल करू नयेत. टोकांकडून मध्याकडे येत, प्रत्येकास थोडे थोडे फिरवीत जावे. एरवी हेड पिळवटते.

झीज वाचणे

खोललेले एंजिन आपला इतिहास स्वतः सांगत असते. सिलिंडरच्या वरच्या टोकाजवळ नख फिरविले, तर बहुधा एक बारीक कड लागते. तिच्या वर रिंगा पोहोचत नाहीत, म्हणून ती जागा मूळच्या मापाची राहते. तिच्या लगेच खाली झीज सर्वांत अधिक असते. तेथे दट्ट्या क्षणभर थांबतो, त्यामुळे तेलाचा थर पातळ होतो. त्याच जागी ज्वलनाची उष्णता व दाब सर्वाधिक असतात. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने दट्ट्या एका बाजूस रेटला जातो आणि सिलिंडर त्या दिशेस किंचित लांबट होतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली, आणि दर वेळी परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा.

येथे घरगुती कामाची मर्यादा येते. झीज निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर नव्या रिंगा पुरतात. ती अधिक असेल, तर यंत्रशाळेत सिलिंडर कोरून मोठा करावा लागतो आणि त्या मापाचे मोठे दट्ट्ये घ्यावे लागतात. क्रँकशाफ्टची गोल मानही अशीच घासून लहान करून तीत जाड बेअरिंग बसवितात. हे निर्णय मायक्रोमीटरच्या आकड्यांवरच घ्यावेत. स्थूलमानाने मानेच्या व्यासाचा हजारावा भाग, म्हणजे ५० मिलिमीटरच्या मानेस सुमारे ०.०५ मिलिमीटर, एवढी फट बेअरिंगमध्ये असते. मनुष्याच्या केसाची जाडीही साधारणतः याहून काहीशी अधिकच भरते. एवढा फरक डोळ्यांस दिसत नाही.

झडपांचे काम मात्र घरी होऊ शकते. उत्सर्ग झडप तापून लाल होते आणि मिटलेली असताना आपली बहुतेक उष्णता बैठकीस देते. तेव्हा झडप व बैठक यांचा स्पर्श सर्व वर्तुळभर अखंड हवा. बारीक घासमलम लावून, झडप पुढेमागे फिरवीत, दोहोंवर सलग करड्या रंगाचे कडे उमटेपर्यंत त्या घासतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुनी एंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहेत. त्या शिशामुळे बैठकींचे रक्षण होत असे. भारतात २००० साली असे पेट्रोल बंद झाले. बैठका खचल्या असतील, तर यंत्रशाळेतून कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे श्रेयस्कर.

एक कण

यंत्रशाळेतून परत आलेले भाग स्वच्छ व चकचकीत दिसतात, आणि येथेच मोठा धोका असतो. क्रँकशाफ्टच्या पोटात तेल वाहून नेणारी तिरकी भोके असतात. घासकामातील अपघर्षक कण त्यांत अडकून राहतात. वर सांगितलेल्या फटीत तेलाचा सर्वांत पातळ थर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांएवढाच असतो. एंजिन सुरू होताच तेलाच्या प्रवाहाबरोबर कण बेअरिंगमध्ये शिरला, तर तो थर भेदून मऊ धातूत रुततो आणि क्रँकशाफ्टची मान ओरखडू लागतो. असे कण पुष्कळ असल्यास नवे काम थोड्याच किलोमीटरांत वाया जाते. म्हणून प्रत्येक तेलमार्ग लांब ब्रशाने, साबणाच्या गरम पाण्याने धुवावा, हवेच्या झोताने सुकवावा आणि लागलीच तेल लावावे. सिलिंडरची भिंत पांढऱ्या फडक्याने पुसावी. फडके स्वच्छ निघेपर्यंत धुणे संपले असे मानू नये.

जुळविणे

नवी रिंग प्रथम सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधील फट मोजावी. ही फट का हवी, ते गणिताने कळते. ६८ मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा परीघ सुमारे २१४ मिलिमीटर. रिंग भिंतीपेक्षा १०० अंश सेल्सिअसने अधिक तापली, तर बिडाच्या प्रसरणाच्या मानाने तिची लांबी जवळजवळ ०.२३ मिलिमीटरने वाढते. वाढीस जागा नसेल, तर टोके एकमेकांस भिडून रिंग मोडते किंवा सिलिंडरमध्ये जखडते.

बेअरिंगमधील फट तपासण्याची सोपी रीत अशी : मऊ मेणासारख्या पदार्थाचा, ठराविक जाडीचा धागा मानेवर आडवा ठेवून टोपी पूर्ण आवळावी, क्रँकशाफ्ट न फिरविता ती पुन्हा काढावी व चपटलेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीवर वाचावी. धागा जितका रुंद, तितकी फट कमी.

बोल्ट आवळताना मापक पाना, म्हणजे टॉर्क रेंच, अवश्य वापरावा. आवळलेला बोल्ट ही वस्तुतः ताणलेली स्प्रिंग असते आणि तिच्या ताणानेच भाग एकत्र राहतात. हाताने लावलेल्या जोरापैकी सुमारे दहावा हिस्साच हा ताण उत्पन्न करतो; उरलेला माथ्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. म्हणून आटे मळके किंवा गंजलेले असतील, तर पान्यावरील आकडा फसवा ठरतो. हेडचे नट आता मध्याकडून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत.

शेवटी झडपा चालविणारा कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारी साखळी, दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर आणून बसवावी. १८७६ साली निकोलाउस ओटोने सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या चक्रात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडावी लागते. त्यामुळे कॅमशाफ्टचे चक्र दुप्पट दातांचे असते. साखळी बसविल्यावर एंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडले, तर जोर न लावता कारण शोधावे.

पहिला प्रारंभ

तेल भरल्यावर लगेच एंजिन सुरू करू नये. स्पार्क प्लग काढून ठेवून, तेलाच्या दाबाची खूण मिळेपर्यंत ते स्टार्टरने थांबत थांबत फिरवावे. बेअरिंगांत तेल पोहोचण्यापूर्वी ज्वलनाचा भार पडल्यास तो थेट धातूवर पडतो. सुरू झाल्यावरही पहिले काही शे किलोमीटर गाडी मध्यम वेगाने चालवावी, एकाच वेगात दीर्घकाळ ठेवू नये आणि तेल लवकर बदलावे. या काळात रिंगा व सिलिंडरवरील बारीक तिरप्या रेघा परस्परांस जुळून बसतात. निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितले असल्यास थंड एंजिनावर हेडचे नट पुन्हा तपासावेत व झडपांतील फट मोजावी.

घेतलेली सर्व मापे तारखेसह एका वहीत लिहून ती वही गाडीतच ठेवावी : प्रत्येक सिलिंडरचा व्यास, प्रत्येक बेअरिंगची फट, घातलेल्या दट्ट्यांचे व बेअरिंगांचे माप. काही वर्षांनी हेच एंजिन पुन्हा खोलावे लागेल, कदाचित दुसऱ्या कोणाच्या हातून. तेव्हा झीज किती झाली व कोठे झाली, हे त्या मनुष्यास या वहीवरून ताबडतोब कळेल आणि त्याचे काम पहिल्या आकड्यापासून सुरू करता येईल.