गुरूचं निळं कडं खोटं नाही

यवतमाळला, दारव्ह्याला, पुसदला, कुठेही आकाशदर्शन ठेवा. दुर्बिणीतून गुरूचे पट्टे आणि चार चंद्र पाहून झाले की कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. त्यात गुरूच्या ध्रुवावर झगझगीत निळं कडं असतं. "हे इथं का दिसत नाही? नासावाले रंग भरतात. फोटो खोटा!"

रंग भरतात, हे खरं. फोटो खोटा, हे साफ चूक. ते कडं म्हणजे गुरूवरचा ध्रुवीय प्रकाश. वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणातल्या हायड्रोजनवर आदळतात आणि त्यातून अतिनील प्रकाश बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसतच नाही, मग त्याचा 'खरा रंग' आणायचा कुठून? उपकरण तीव्रता मोजतं, ती दाखवायला निळा रंग निवडतात. उपग्रहाच्या चित्रात अवरक्त प्रकाश लाल दाखवला की आपल्याकडची हिरवीगार कपाशीही लालभडक दिसते. त्यावरून पिकाचा अंदाज बांधताना कुणी शेत खोटं म्हणत नाही.

हबल अवकाश दुर्बिणीचं २०१६ मधलं गाजलेलं चित्र तर जोडचित्र आहे. कडं २०१६चं, खालचा गुरू २०१४चा. हे चित्रासोबतच्या निवेदनात स्पष्ट लिहिलंय. ते न वाचता 'भांडाफोड' म्हणून पुढे ढकलायचं, याचा मला खरोखर राग येतो.

अभ्यास रंगावर नव्हे, आकड्यांवर चालतो. गुरूवरचा मिथेन साधारण १४० नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. त्यामुळे आखूड लहरींचा प्रकाश जितका घटलेला, तितके इलेक्ट्रॉन खोल शिरलेले. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानावर यासाठी अतिनील वर्णपटमापक आहे.

चिखलदऱ्याला मोठी दुर्बीण लावूनही ते कडं दिसणार नाही, कारण ३०० नॅनोमीटरखालचा जवळपास सगळा प्रकाश ओझोन वरच अडवतो. म्हणूनच पुण्याच्या आयुकाचा सहभाग असलेली अतिनील दुर्बीणही २०१५मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरून अवकाशात न्यावी लागली.

मग हे कडं उजळतं कशामुळे? गुरूचा ध्रुवीय प्रकाश निव्वळ सौरवाऱ्याचा खेळ नाही. आयो या चंद्राच्या ज्वालामुखींमुळे सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य अवकाशात जातं. ते, आणि दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरणारा गुरू, ही त्यामागची मोठी कारणं.

आणि अतिनील निरीक्षण ध्रुवांपुरतंही नाही. जुलै १९९४मध्ये शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा उंच उडालेली धूळ हबलच्या अतिनील चित्रांत काळेकुट्ट डाग होऊन दिसली. ते डाग पसरत गेले, तसे वरच्या थरातले वारे कळत गेले.