पदवी आहे, मग नोकरी का नाही? चांदीप-विरार पट्ट्यातल्या मुलांसमोरचे अडथळे

चांदीप, मांडवी, शिरसाड या वसईच्या पूर्व पट्ट्यातून सकाळी रिक्षा विरार स्टेशनकडे निघतात. त्यात बी.कॉम. झालेली मुलं असतात, आयटीआय केलेली असतात. कुणी वालीव-गोखिवरेच्या गाळ्यांत कामाला जातं, कुणी अंधेरीपर्यंत लोकलने लटकत. "एवढं शिकवलं, पण पक्की नोकरी काही लागत नाही," ही तक्रार आपल्या घराघरात ऐकू येते. मुलगा आळशी आहे, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. प्रकरण तेवढं सोपं नाही.

गाळ्यातल्या नोकरीची जाहिरात बहुतेक वेळा येतच नाही. सुपरवायझर आपल्या गावच्या, आपल्या नात्यातल्या माणसाला फोन करतो. ज्याच्या घरात आधीच कुणी कंपनीत आहे, त्याच्या मुलाला जागा रिकामी झाल्याचं आधी कळतं. ज्याचे वालिद आयुष्यभर हातगाडी किंवा गॅरेज चालवत आले, त्याला हा फोन कोण करणार? यात कुणी मुद्दाम वाईट वागत असतंच असं नाही. पण ओळखीवर चालणाऱ्या बाजारात बाहेरचा बाहेरच राहतो.

बायोडाटा पाठवला तर? ते कुणी तपासून पाहिलंय. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर 2005 पासून 66 आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. काही नावं उच्चवर्णीय हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश. अजून मुलाखत झालेलीच नव्हती, कुणी चेहरा पाहिला नव्हता, बोली ऐकली नव्हती. आणि धर्म किंवा जात पाहून खाजगी नोकरी नाकारली, तर थेट दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे आजही नाही. घटनेतलं कलम 16 सरकारी नोकऱ्यांपुरतं आहे.

सरकारी नोकरीतलं चित्र सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 च्या अहवालात मांडलं होतं. लोकसंख्येत मुस्लिम 13.4 टक्के, आयएएसमध्ये 3 टक्के, रेल्वेत 4.5 टक्के. मुलींबद्दल अहवाल आणखी बोलका आहे. कामाच्या वयातल्या सगळ्या बायकांपैकी 44 टक्के कमावत्या होत्या, मुस्लिम बायकांपैकी 25 टक्के. त्यातही बऱ्याच जणी घरी बसून काम करणाऱ्या, म्हणजे शिलाई, जरी, पॅकिंग, नगावर पैसे. (आपण घरात याला "टाइमपास" म्हणतो. त्या पैशावर मुलांची फी भरली जाते, हे मात्र विसरतो.)

हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं समजणंही बरोबर नाही. याच वसई तालुक्यात आदिवासी कुटुंबं वर्षानुवर्षं उचल घेऊन वीटभट्टीवर राबत आली आहेत. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 चा. तरी 1982 मध्ये विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांना त्याच प्रश्नावर इथे श्रमजीवी संघटना उभी करावी लागली. त्यांची अडचण कर्जाच्या साखळीची, आपली ओळखीची आणि नावाची. पण हाती कागद नसला की सरकारी दारात दोघांचीही गत एकच होते.

कागदाचा हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे आपल्याला खरोखर काही करता येतं. शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ चालवली, दिलीपकुमारही तिच्या व्यासपीठावर आले. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा मुस्लिम जमाती आज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. सवलत आहे, पण घरात दाखला नाही. का? कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जातीच्या रकान्यात "मुसलमान" एवढंच लिहिलं. आपणही म्हणालो, इस्लाममध्ये कुठे जात असते! श्रद्धा म्हणून ते खरंच आहे. पण सरकारी यादी धर्मावर नाही, जमातीच्या मागासलेपणावर बनलेली आहे. "मुसलमान" लिहिलेल्या दाखल्यावर ओबीसीचं प्रमाणपत्र मिळवताना दमछाक होते.

दुसरी अट तारखेची. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. नालासोपाऱ्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेल्या अन्सारी कुटुंबाला त्यामुळे इथला दाखला मिळत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या वसईतच असलेल्या कुटुंबाची अडचण वेगळी: पुरावा असतो, तो कुणी शोधलेला नसतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलमधली कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार, खरेदीखत. दादाजान शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा दाखला पाहा. जातीचं प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं, पण नोकरीसाठी पुढे पडताळणी समितीची वैधताही लागते आणि पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते. म्हणून भरतीची जाहिरात आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. मुलगा दहावीत असतानाच हे काम सुरू करायला हवं. उत्पन्न मर्यादेत असेल तर सोबत नॉन क्रीमीलेअरही काढावं लागतं.

ज्यांची जमात कोणत्याच राखीव यादीत नाही, त्यांच्यासाठी 2019 पासून आर्थिक दुर्बल घटकांचं 10 टक्के आरक्षण आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. त्यात धर्म आड येत नाही, तरी आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटतं की ते "आपल्यासाठी नाही". कदाचित 2014 चा अनुभव मनात असेल. त्या जुलैत राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या मागास घटकांना 5 टक्के आरक्षण दिलं, नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकरीतल्या हिश्श्याला स्थगिती दिली, शिक्षणातला हिस्सा चालू ठेवला आणि पुढे अध्यादेशाची मुदतच संपली. ते आरक्षण गेलं. जुनं ओबीसी आरक्षण आणि नवं आर्थिक दुर्बलांचं आरक्षण मात्र जागेवर आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणालाही, चाचा असो की चुलत भाऊ, आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असेल, तर पडताळणीत तो फार भक्कम पुरावा धरला जातो. येत्या ईदला सगळे एकत्र आलात, की शीरखुर्मा झाल्यावर तेवढं विचारून घ्या.