पितळ, कथील आणि शिसे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मिश्रधातूंवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच, आणि वडिलांचा धंदा कल्हईचा. दहावीनंतर रसायनशास्त्राचा तास सुटला, तरी घरचा तास चालूच राहिला.

मिश्रधातू म्हणजे दोन वा अधिक धातू वितळवून एकजीव केलेला पदार्थ. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, कथील मिसळले की कांसे. गंमत अशी, की हे मिश्रण घटकांच्या सरासरीने वागत नाही. तांबे मऊ, कथील त्याहून मऊ. पण सुमारे ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील एकत्र आले की घंटेचे कांसे होते. ते खणखणीत वाजते आणि दगडावर आपटले तर तडकते. शुद्ध धातूत अणूंचे थर सारख्या विटांसारखे रचलेले असतात. ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातू वाकतो. मध्ये निराळ्या आकाराचा अणू बसला की सरकणे अडते. मिश्रधातू कठीण होण्याचे हे एक मोठे कारण.

पितळ ठोकून हवे तसे घडते, पण आंबटापुढे हार खाते. बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते. आम्लात तांबे आणि जस्त विरघळतात, त्यांचे क्षार पोटात गेले की मळमळ, उलट्या होतात. म्हणून कल्हई. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचे. नवसागर तापला की त्यातून निघणारी आम्लाची वाफ पितळेवरचा काळा थर खाऊन टाकते. नितळ धातूलाच कथील धरते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, पितळ ९०० च्या पुढे; त्यामुळे भांड्याला धक्का लागत नाही. कल्हई हा नुसता रंग नव्हे. कथील आणि तांबे जिथे भेटतात तिथे दोघांच्या मिश्रधातूचा अगदी पातळ थर तयार होतो.

खरी गोम पुढेच आहे. कथील महाग, शिसे स्वस्त. शिसे एकटे ३२७ अंशांना वितळते. पण सुमारे ६२ भाग कथील आणि ३८ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच पाणी होते, म्हणजे दोघांच्याही आधी! विजेच्या तारांना डाख देण्यास हे उत्तम. मात्र काही कल्हईवाले तेच भांड्यांना लावतात. चकाकी तशीच, कोळसाही कमी. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. "तो निम्म्या पैशांत करतो, तुम्हालाच का परवडत नाही?" असे म्हणून गिऱ्हाईक उठून जाते. वडील शिशाला हात लावत नाहीत. गेल्या वर्षी माझी परीक्षा-फी मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरली गेली, ती यामुळेच.

ओळखायचे कसे? शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर आतून करकर असा आवाज येतो. आतले स्फटिक एकदम वळतात, त्याचा तो आवाज. शिसे मुकाट्याने वाकते.

धंद्यावर मोठा घाव घातला तो स्टेनलेस स्टीलने. लोखंडात निदान १०.५ टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर त्याचा ऑक्साइडचा अदृश्य थर बसतो. ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा धरतो. हे सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे ते आपली कल्हई आपणच करून घेते. मग आमचं काय काम?"

तरी काम अगदी संपलेले नाही. पितळ स्टेनलेस स्टीलच्या सुमारे सातपट उष्णता वाहून नेते, म्हणून मोठ्या पातेल्यात अन्न एकाच जागी करपत नाही. आमच्याकडचे आचारी लग्नसराईच्या आधी आपली पितळी पातेली घेऊन येतात. त्यांतले दोघेतिघे भट्टी पेटण्यापूर्वी कांडी मागून घेतात आणि कानाशी धरून वाकवतात.