भाग: हिरवा दिवस म्हणजे नक्की काय? पाळीचं ॲप आणि गर्भनिरोधन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. हेडफोन लावून बसमध्ये ऐकताना संकोच वाटला असेल, तर हे निवांत वाचा.

माझ्यापासूनच सुरुवात करते. मी माणला राहते, म्हणजे हिंजवडी फेज तीनच्या पलीकडे. पत्ता लिहिताना आम्ही पुणे लिहितो, पण तालुका मुळशी. काम सॉफ्टवेअरचं. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल इतक्यात नको होतं. गोळ्यांनी मला मळमळायचं, म्हणून हार्मोन नको असं ठरवलं आणि फोनमध्ये पाळीचं एक फुकट ॲप टाकलं. पाळीच्या तारखा भरायच्या, की कॅलेंडरवर लाल आणि हिरवे दिवस दिसायचे. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे बिनधास्त. पाच महिने सगळं छान चाललं.

मग जुलैमध्ये आमचं एक मोठं रिलीज होतं. दोन आठवडे रात्रपाळी, त्यात व्हायरल ताप. त्या महिन्यात पाळी आलीच नाही. पाच दिवस झाले तेव्हा घरी टेस्ट केली, निगेटिव्ह. तरी पाळी नाही. नवरा म्हणाला, "अगं, पण ॲपवर तर हिरवं होतं की!" तेव्हा मला जाणवलं, की जो आकडा मी ऑफिसमध्ये लॉग तपासल्याशिवाय कुणाला पाठवला नसता, तो मी स्वतःच्या शरीराबाबत डोळे मिटून मानला होता.

डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी ॲप पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "यात तू तारखेशिवाय काय भरतेस?" काहीच नाही. "मग याला कसं कळणार तुझं बीज कधी सुटलं ते? आठ दिवसांनी टेस्ट परत कर." पाळी आठ दिवस उशिरा आली. मी सुटले. पण तो आठवडा विसरले नाही, म्हणून हा भाग.

आधी शरीराचं गणित

पाळीच्या एका चक्रात सहसा एकदाच बीज सुटतं. ते फक्त १२ ते २४ तास टिकतं. पण शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, असे सहा दिवस गर्भ राहू शकतो. बाकीचे दिवस सुरक्षित. वाचायला किती सोपं!

गोची अशी आहे, की बीज कोणत्या दिवशी सुटणार हे आधी कळत नाही. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात स्थिर असतो, साधारण १२ ते १४ दिवस. बीज सुटण्याच्या आधीचा काळ मात्र ताप, जागरण, ताण, प्रवास यांनी पुढेमागे होतो. पाळी 'लांबते' तेव्हा बहुतेक वेळा बीजच उशिरा सुटलेलं असतं.

माझंच उदाहरण घ्या. एरवी २८ दिवसांचं चक्र, म्हणजे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास. ॲपने हेच धरून सोळाव्या दिवसापासून हिरवा रंग लावला. त्या महिन्यात चक्र ३६ दिवसांचं झालं. मागे मोजलं तर बीज साधारण बाविसाव्या दिवशी सुटलं. म्हणजे खरे धोक्याचे दिवस सतरा ते बावीस. हे सगळे दिवस ॲपवर हिरवे होते! मला दिवस गेले नाहीत, तो ॲपचा गुण नव्हता, नशीब होतं. आणि मॅडमनी टेस्ट परत करायला का सांगितलं, हेही यावरून कळतं. बीजच उशिरा सुटलं असेल तर आपल्या हिशेबाने पाळी चुकलेली असते, पण टेस्टसाठी अजून लवकर असतं.

आणि २८ हा आकडाही काही दैवी नाही. नॅचरल सायकल्स या ॲपच्या सहा लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी आली २९.३ दिवस, आणि नेमकी २८ दिवसांची चक्रं होती फक्त १३ टक्के.

सगळी ॲपं सारखी नसतात

एक प्रकार माझ्या ॲपचा. मागच्या तारखांची सरासरी काढायची आणि पुढचा अंदाज सांगायचा. हे म्हणजे वाकडच्या पुलावरून फेज तीनला किती वेळ लागेल, ते मागच्या आठवड्याच्या सरासरीवरून सांगणं. आज रस्त्यात टँकर बंद पडलाय, हे त्याला माहीतच नाही.

दुसऱ्या प्रकारात आजचा डेटा घेतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि अंगाचं तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं. म्हणून रोज सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, दोन दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरने तापमान घ्यायचं. लक्षात घ्या, तापमान वाढतं ते बीज सुटल्यानंतर. म्हणजे धोका संपला हे ते सांगतं, येतोय हे नाही. येणारा धोका ओळखायला लघवीतलं एलएच तपासायच्या पट्ट्या असतात किंवा योनिस्रावातला बदल पाहतात. त्या दिवसांत स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ आणि तार धरणारा होतो.

नॅचरल सायकल्स या दुसऱ्या प्रकारातलं. एलिना बर्गलुंड ही स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ सर्नमध्ये हिग्ज बोसॉन शोधणाऱ्या चमूत होती. तिने नवऱ्यासोबत २०१३ मध्ये कंपनी काढली. २०१७ मध्ये युरोपात आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएकडून त्याला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली.

९३ टक्के चांगले की वाईट?

एफडीएसमोर १५ हजारांहून जास्त बायकांचा डेटा होता. नियम अगदी काटेकोर पाळले तर वर्षभरात १०० पैकी साधारण दोघींना दिवस गेले (१.८). माणसं खरंच वापरतात तसं वापरलं तर ६.५. म्हणजे ९३ टक्के परिणामकारक.

आमच्या धंद्यात सर्व्हर ९३ टक्के चालला, तर तो वर्षात २५ दिवस बंद होता असा अर्थ होतो. क्लायंट दुसऱ्या दिवशी करार मोडेल! पण तुलना बरोबरीच्यांशी करू. रोजच्या वापरात कंडोमचा अपयशाचा आकडा वर्षाला १०० मागे १३, गोळ्यांचा ७ आणि तांबीचा, म्हणजे कॉपर-टीचा, १ पेक्षा कमी. म्हणजे हे ॲप गोळ्यांच्या आसपास बसतं. वाईट नाही. पण तांबीच्या जवळपासही नाही.

स्टॉकहोमच्या एका मोठ्या हॉस्पिटलात २०१७ च्या शेवटच्या चार महिन्यांत गर्भपातासाठी आलेल्या ६६८ जणींपैकी ३७ जणी हे ॲप वापरणाऱ्या निघाल्या. खूप ओरड झाली. तिथल्या औषध नियामकाने तपासलं, तर अपयशाचं प्रमाण कंपनीने सांगितलं होतं तेवढंच निघालं. ॲप खोटं बोलत नव्हतं. ऐकणाऱ्यांनी ९३ चे १०० ऐकले होते. ब्रिटनच्या जाहिरात नियामकानेही २०१८ मध्ये त्यांची 'अत्यंत अचूक' म्हणणारी जाहिरात बंद करायला लावली.

आणि हे आकडे रोज तापमान भरणाऱ्या ॲपचे आहेत. आपल्या फोनमधल्या फुकट कॅलेंडरला ते लावू नका.

हा प्रयोग आपल्याकडे जुनाच

मुंबईत १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेही गणिताचे प्राध्यापक! या कामापायी त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. पुढे सरकारी कुटुंबनियोजन सुरू होत असताना, १९५० च्या दशकात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्ली आणि म्हैसूर राज्यात 'सुरक्षित दिवसां'चा प्रयोग झाला. डॉ. अब्राहम स्टोन यांनी बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा, रंग पाहून दिवस ओळखायचा. माझ्या ॲपचे लाल-हिरवे दिवस म्हणजे तीच माळ, फक्त काचेच्या स्क्रीनवर. तो प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही. आकडेमोड सोपी करता येते, पण शरीर आणि घरातली माणसं तिच्याप्रमाणे चालतीलच असं नाही.

मग कुणी वापरावं?

पाळी बऱ्यापैकी नियमित, झोपेची वेळ ठरलेली, आणि चुकून दिवस गेलेच तर आभाळ कोसळणार नाही अशी परिस्थिती असेल, तर तापमानाचं ॲप हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. पीसीओडी, अंगावर पाजणारी आई, नुकत्याच गोळ्या बंद केलेल्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या मुलींनी त्याच्यावर विसंबू नये. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या किती जणी आहेत, ते वेगळं सांगायला नको.

आणि लाल दिवशी कंडोम किंवा 'नाही'. हे 'नाही' जोडीदाराने ऐकलं पाहिजे. जो "एक दिवसाने काय होतंय" म्हणतो, त्याच्या घरात हे ॲप चालत नाही. आम्ही तापमान भरायचं काम नवऱ्याकडे दिलं होतं. तीन आठवड्यांत तोच म्हणाला, "हे रोज तू एकटीने लक्षात ठेवायचं होतंस?" गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून कोणतंही ॲप वाचवत नाही, तिथे कंडोमच.

हार्मोन नको असतील तर बाकीही रस्ते आहेत. तांबी दहा वर्षांपर्यंत चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात. मूल झालेलं नसलं तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने बसवता येते. 'छाया' ही लखनौच्या संस्थेत शोधलेली बिनहार्मोनची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. आपल्या तालुक्यात पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, नाहीतर आशाताईंना. लाजू नका, त्यांचं ते रोजचं काम आहे.

गणित चुकलंच तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी (तिच्यात हार्मोन असतात, पण एकदाच) किंवा पाच दिवसांच्या आत तांबी. आणि त्यानंतरही दिवस गेले, तर गर्भनिरोधक फसलं हे गर्भपाताचं कायदेशीर कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेलं नसलं तरी २० आठवड्यांपर्यंत ते लागू होतं, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे.

शेवटी डेटाबद्दल

पाळी, संबंध, टेस्ट, सगळं आपण ॲपला सांगतो. फ्लो या प्रसिद्ध ॲपने असा डेटा फेसबुक आणि इतरांच्या ॲनालिटिक्सकडे पाठवल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला, आणि २०२१ मध्ये तडजोड झाली. म्हणून ॲप टाकताना एवढं बघा: खातं न काढता चालतं का, डेटा फोनमध्येच राहतो का, सगळा पुसता येतो का. लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. पाळीचा आणि तुमच्या फोनबुकचा काय संबंध?

माझं काय झालं? मी तांबी बसवली. ॲप अजून फोनमध्ये आहे. पाळी कधी येणार, बॅगेत पॅड कधी टाकायचा, हे ते छान सांगतं. त्याचं काम तेवढंच होतं, जास्त मीच धरलं होतं.

हा भाग मैत्रिणीला पाठवा, आणि तिच्या नवऱ्यालाही. भेटू पुढच्या भागात!