पहिले तिकीट कोणते?

टपाल तिकिटे जमविणाऱ्याला लोक विचारतात, "तुझ्याकडे सर्वांत जुने तिकीट कोणते?" जाणकार मात्र विचारतो, "पहिले कोणते?" हे दोन प्रश्न एक नव्हेत.

आपल्या देशाचेच उदाहरण घ्या. १८५२ च्या जुलैत 'सिंध डाक' निघाले. पण ते सिंध प्रांतापुरतेच चालत असे. साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे आली १८५४ साली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट म्हणजे २१ नोव्हेंबर १९४७ चे, राष्ट्रध्वजाचे व 'जयहिंद' लिहिलेले साडेतीन आण्यांचे. तिन्ही पहिली, पण प्रत्येकाची हद्द निराळी!

अमेरिकेत बेसबॉलपटूंची छापील कार्डे जमविणाऱ्यांनाही हाच पेच पडतो. नवख्या खेळाडूच्या पहिल्या कार्डाला ते 'रुकी कार्ड' म्हणतात. परंतु ते नुसते आधी छापलेले असून भागत नाही. नामांकित कंपनीच्या, सर्वत्र विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या संचात ते असावे लागते. खालच्या लीगमधील कार्डे वेगळी धरतात. २००६ पासून खेळाडू मुख्य लीगमध्ये आल्यावरच त्याच्या कार्डावर 'आर. सी.' ही खूण छापतात. गंमत अशी, की मिकी मँटलचे रुकी कार्ड १९५१ चे, बोमन कंपनीचे. पण २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले ते टॉप्सच्या १९५२ च्या कार्डाला. तेव्हा पहिले तेच सर्वांत महाग, असेही नाही.

आता आपल्या नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पहिले तिकीट कोणते? छायाचित्रे, बिल्ले, दिनदर्शिका यांत ते धरायचे नाहीत. टपालखात्याने काढलेले व टपालाला चालणारे, हीच कसोटी. त्या कसोटीवर १४ एप्रिल १९६६ चे पंधरा पैशांचे तिकीट पहिले ठरते. १९७३ चे त्यानंतरचे. माझ्या एका मित्राला एका विक्रेत्याने हे १९७३ चेच 'पहिले' म्हणून दाखविले, आणि मित्र जास्त पैसे मोजायला तयारही झाला होता. तिकीट खरे होते, खोटा होता तो फक्त 'पहिले' हा शब्द.

प्रथमदिवस पाकिटाचेही तसेच. तिकीट अस्सल असले तरी त्यावर प्रकाशनाच्या तारखेचा शिक्का हवा. नंतर शिक्का मारलेले पाकीट प्रथमदिवसाचे नव्हे. म्हणून खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: कोणी काढले, कधी काढले आणि कोणत्या हद्दीत पहिले?

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्यांचा चेहरा देशभरच्या पत्रांवर, कोणत्याही जातीच्या माणसाच्या दारात पोहोचू लागला. तो दिवस कोणता, हे त्या 'पहिल्या' तिकिटावरूनच कळते. म्हणून तारीख चुकवून चालणार नाही.