वर्ग एका संस्थेचा, विद्यार्थी दुसरीचा

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरची पोरं बारावीनंतर लासलगाव, निफाड किंवा येवल्याला जातात. ज्यांना झेपतं ती नाशिक गाठतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली, गावच्या तीनपाटीवर सकाळी एसटीची वाट बघणारी ही गर्दी नाहीशी झाली आणि कॉलेज मोबाईलमध्ये येऊन बसलं. त्यानंतर ऑनलाइन शिक्षणाच्या दर्जावर भरपूर लिहून झालं. शिस्तीचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बाकी बरंच काही रुळावर आलं आणि तो प्रश्न अजून तसाच आहे.

वर्गात प्राध्यापकाच्या हातात काही ठरलेली हत्यारं असतात. नुसतं बघणं, ‘उभा राहा’, ‘बाहेर हो’, ओळखपत्र जमा करणं आणि अगदीच झालं तर ‘उद्या वडिलांना घेऊन ये’. स्क्रीनवर यातलं एकही चालेना. लिंक फॉरवर्ड व्हायची, मग सिनेमातल्या नटाचं नाव लावून कुणी तरी घुसायचा, गाणं वाजवायचा, नको ते बोलायचा. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयानेच झूम सुरक्षित नसल्याचं सांगितलं, तेव्हा पासवर्ड, वेटिंग रूम, सगळ्यांना म्यूट करणं या गोष्टी शिक्षक घाईघाईने शिकले. ही धांदल काही महिन्यांत ओसरली. उलट्या बाजूचा धडाही याच काळात मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये आयआयटी खरगपूरच्या एका प्राध्यापिकेने ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांना वापरलेली अर्वाच्य भाषा रेकॉर्डिंगमुळे देशभर पोचली आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. बेशिस्तीचा पुरावा दोन्ही बाजूंनी राहतो, हे तेव्हा साऱ्यांच्या ध्यानात आलं.

खरी परीक्षा परीक्षेतच झाली. परीक्षेविना पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने अंतिम वर्षाची बहुपर्यायी परीक्षा घेतली. नाशिक जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पुढच्या वर्षी ‘प्रॉक्टर्ड’ परीक्षा आली, म्हणजे कॅमेरा चालू ठेवायचा आणि नजर ठेवायचं काम सॉफ्टवेअरने करायचं.

आमच्याकडच्या एका पोराची ती परीक्षा डोळ्यांपुढे आणा. घरात रेंज नाही, म्हणून तो कांद्याच्या चाळीला पाठ लावून बसलाय. मागून बाप पाटी घेऊन गेला, की स्क्रीनवर दुसरा चेहरा दिसल्याची ताकीद. व्यापाऱ्याचा फोन आला, परीक्षेची खिडकी मागे गेली, आणखी एक ताकीद. उन्हाने तोंड काळं दिसतंय, चेहरा ओळखता येत नाही, तिसरी. तिकडे नाशिकच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसलेला दुसरा, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या दुसऱ्या मोबाईलवर व्हॉट्सअॅप ग्रुपमधली उत्तरं बघत निवांत खुणा करतोय. त्याच्या नावावर एकही ताकीद नाही. माझं मत स्पष्ट आहे. त्या यंत्रणेने कॉपीपेक्षा गरिबीच जास्त पकडली.

आणि पकडून तरी करायचं काय? आपल्याकडे परीक्षेतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा १९८२ चा कायदा आहे. तो परीक्षा केंद्र, पर्यवेक्षक आणि कॉपीची चिठ्ठी डोळ्यांपुढे ठेवून केलेला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ४८ खाली गैरप्रकारांची चौकशी करणारी समिती असते. तिच्यापुढे कॉपी केस जाते तेव्हा जप्त केलेला कागद असतो, पर्यवेक्षकाची सही असते, विद्यार्थ्याचा जबाब असतो. इथे हातात आली सॉफ्टवेअरने काढलेली यादी. यादीची उलटतपासणी कशी घेणार?

हे सगळं निदान एकाच विद्यापीठाच्या आत होतं. गुंता वाढला तो सामायिक अभ्यासक्रमांनी, म्हणजे शिकवणारी संस्था एक आणि विद्यार्थी दुसरीचा अशा कोर्सांनी. नाशिककरांना ही कल्पना परकी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये इथेच स्थापन झालं. विद्यार्थी मुक्त विद्यापीठाचा, पण तो बसतो दुसऱ्याच कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रात. तरीही तिथे त्याला ओळखणारा केंद्रसंयोजक असतो, परीक्षेला बाक असतो, काही घडलं तर समोरासमोर विचारता येतं.

‘स्वयम्’ या ऑनलाइन कोर्सच्या मंचाने ही समोरासमोरची ओळखच काढून घेतली. ९ जुलै २०१७ रोजी तो मंच सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमावलीत त्यावरून वीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला मुभा दिली होती, ती २०२१ मध्ये चाळीस टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी क्रेडिटची बँकही आली. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, तेव्हा तालुक्याच्या गावातली पोरंही हे कोर्स करू लागली. म्हणजे बघा, विद्यार्थी निफाड तालुक्यातल्या कॉलेजचा, शिकवणारे प्राध्यापक मद्रासच्या आयआयटीतले, परीक्षा घेणारी यंत्रणा तिसरी, आणि गुण जमा होणार पहिल्याच कॉलेजच्या गुणपत्रकावर. शिकवणाऱ्या यजमान संस्थेला विद्यार्थ्याचं नाव आणि ईमेल ठाऊक. मातृसंस्थेला, म्हणजे त्याच्या कॉलेजला, तो माणूस ठाऊक, पण त्याने तिकडे काय केलं ते दिसत नाही. मधे कॉलेजने नेमलेला एक मेंटॉर असतो, बहुतेक वेळा आधीच तीन समित्यांवर असलेला.

‘स्वयम्’वरच्या एनपीटेलच्या कोर्सचं उदाहरण घ्या. तिथे साप्ताहिक असाइनमेंटना २५ गुण आणि अंतिम परीक्षेला ७५. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, त्यामुळे ७५ गुणांची राखण होते. पण असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर मुदत संपायच्या आधीच फिरत असतात. हे विद्यार्थ्यांना माहीत आहे, मेंटॉरना माहीत आहे, कोर्स चालवणाऱ्यांनाही माहीत आहे. नाव नोंदवताना प्रामाणिकपणाच्या अटी मान्य केल्याची खूण पोरं करतातच, पण ती वाचतो कोण? गावाकडे तर लॉगिन-पासवर्ड एका हुशार मित्राकडे, तो पाच जणांचं भरून देतो. ही कॉपी केस कुणी करायची? मद्रासहून कुणी विंचूरच्या पोराला बोलावणार नाही. कॉलेज म्हणतं, कोर्स आमचा नाही.

कोर्सच्या ऑनलाइन चर्चेच्या जागेत एखाद्या मुलीवर घाणेरडं लिहिलं गेलं, तर अवघडपणा आणखी वाढतो. मजकूर काढला जातो, खातं बंद होतं, पण लिहिणारा पोरगा दुसऱ्या दिवशी कॉलेजात तसाच हजर. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून आहेत. प्रवेशावेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेतलं जातं. २०२५ मध्ये आयोगाने ज्युनिअरना छळणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपचाही त्यात विचार केला. पण ते सारं एका कॉलेजच्या भिंतीआतलं. छळणारा एका कॉलेजचा आणि जिला छळलं ती दुसऱ्याची असेल, तर तक्रार कुणाच्या टेबलावर द्यायची, हे त्या मुलीला कुणी सांगितलेलं नसतं. आयोगाच्या २०२३ च्या नियमांत प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती आणि वर लोकपाल आहे, ही चांगली सोय. मात्र ती आपल्या संस्थेविरुद्धच्या गाऱ्हाण्यासाठी आहे.

शिक्षा कुणी करावी, यावर माझं म्हणणं एवढंच, की ती मातृसंस्थेनेच करावी. जिला पोराची परिस्थिती माहीत आहे, जिच्या दारात बाप एका दिवसाची मजुरी न बुडवता येऊ शकतो, तिथेच सुनावणी व्हावी. यजमान संस्थेने मात्र नुसती ताकीद किंवा यादी न पाठवता काय घडलं, कधी घडलं आणि पुरावा काय, हे लेखी कळवावं. असाइनमेंटचे गुण कापायचा अधिकार शिकवणाऱ्याकडे राहू द्या. निलंबन, प्रवेश रद्द करणं, वर्तनाचा शेरा हे सगळं कॉलेजच्या शिस्त समितीकडे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन पानांचा करार पुरेसा आहे, आणि तो वर्षाच्या सुरुवातीला करायचा असतो, प्रकरण घडल्यावर नव्हे. निफाड आणि येवला तालुक्यांतल्या प्राचार्यांना म्हणून विनंती, की येत्या जूनमध्ये स्वयमचा फॉर्म भरून घेताना त्यासोबत एक मराठी कागद द्या. तक्रार कुणाकडे करायची, चौकशी कोण करणार आणि आपली बाजू मांडायला किती दिवस मिळणार, एवढं त्यावर छापा, मेंटॉरचा फोन नंबर घाला आणि पालकांची सही घ्या.